अडीच फेट्यांचा मासा

शास्त्रातल्या, म्हणजे आमच्या बायबलातल्या, माशाचा घसा किती रुंद होता, या प्रश्नाशी मामलेदार कचेरीतल्या कारकुनाचा काडीचाही संबंध नसतो. माझाही नव्हता. शिरूरच्या कचेरीत मी जमिनीच्या नोंदी बघतो. बांध, वाटण्या, वारस, फार तर विहिरीतला हिस्सा, यापलीकडे माझी बुद्धी कुणी मागितली नाही आणि मीही ती उगाच कुणाला दिली नाही. पण माणसाला सासरा असतो. माझे सासरे याकोब आबा मिशनच्या चर्चमध्ये तीस वर्षं रविवारी सकाळी मुलांचा शास्त्राचा वर्ग घेत होते. हा वर्ग आबांनी एके दिवशी सोडला आणि चर्चच्या पंचांनी तो माझ्या गळ्यात बांधला. पुढं जे काही झालं ते तो माझ्या गळ्यातून सुटून पुन्हा आबांच्या हाती जावा म्हणून झालं, हे आधीच सांगून टाकतो.

आबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवताना ते जितके गप्प, तितकेच वर्गात सुटत. विशेषतः योनाची गोष्ट. देवाचं न ऐकता जहाजातून पळालेला योना, ते वादळ, त्याला समुद्रात टाकणारे खलाशी, आणि मग त्याला आख्खा गिळणारा तो मासा. मासा आला की आबा अंगातला काळा कोट काढून स्वतःच्या डोक्यावरून घेत आणि आतून योनाचा आवाज काढत. पोरं किंचाळत. मोठी माणसं काहीतरी निमित्त काढून दाराशी येऊन उभी राहत. मी स्वतः लग्नाआधी ती गोष्ट ऐकायला जात असे. निदान माझ्या बायकोच्या, राहेलच्या, घरच्यांना मी तसं सांगितलं होतं.

त्या वर्षी हायस्कुलात येशुदास मास्तर नावाचे नवे सायन्सचे शिक्षक आले. बडोद्याला बी.एस्सी. झालेले, आमच्याच मंडळीतले, स्वभावानं गरीब. त्यांनी वर्गात शिकवताना देवमाशाचा घसा इतका अरुंद असतो की मोसंबंसुद्धा जेमतेम जाईल असं सांगितलं. पुढच्या रविवारी आबा कोट डोक्यावर घेऊन आत योना झालेले असताना एका मुलीनं उठून विचारलं की मोसंबं जात नाही तिथून हा माणूस कसा गेला. बाकीची पोरं हसली. आबांनी कोट खाली घेतला, चित्रांची गुंडाळी बांधली, कपाटाची किल्ली चर्चच्या पाळकसाहेबांच्या हातात दिली आणि त्या दिवसापासून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागले. भांडले असते तर समजूत घालता आली असती. ते नुसते गप्प झाले.

आता वर्ग माझ्याकडे. मी पहिल्याच रविवारी इस्राएल लोकांना कनान देश कसा मिळाला ते सांगायला घेतलं, तर एकानं विचारलं, त्याची नोंद कुठल्या कचेरीत आहे. मी कचेरीतला माणूस, मला राग येणारच. मी नोंदीचं महत्त्व समजावून सांगायला लागलो. तास संपेपर्यंत निम्मी पोरं खिडकीतून बाहेर गेली होती, आणि जी राहिली होती ती झोपली होती. घरी राहेलनं जेवायला वाढता वाढता एवढंच सांगितलं, "आबा घरातसुद्धा बोलत नाहीत. त्यांना वर्गात परत बसवा. कसं ते तुमचं तुम्ही बघा."

येशुदास मास्तर बिचारे स्वतःच आमच्याकडे आले. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. चहा घेता घेता ते बोलून गेले की बडोद्याच्या कमाटीबागेत मोठं म्युझियम आहे आणि तिथं देवमाशाचा आख्खा सांगाडा उभा करून ठेवलाय, कॉलेजात असताना ते दर रविवारी बघायला जात. माझ्या सासूबाई, दबोरा मामी, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग दाखवा की यांना. मी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "बघू." कित्येक दिवसांनी ऐकलेला त्यांचा तो पहिला शब्द होता, म्हणून घरात सगळ्यांनी तो होकार धरला.

बडोदं आणि शिरूर तेव्हा एकाच मुंबई राज्यात होतं, त्यामुळं रजा सहज मिळेल अशी माझी समजूत. मुख्यालय सोडण्याच्या अर्जात कारण लिहावं लागतं. मी सरळमार्गी माणूस, 'मासा पाहण्यासाठी' असं लिहिलं. अव्वल कारकुनांनी तो अर्ज परत पाठवला आणि मासा सरकारी की खाजगी, अशी पृच्छा केली. मी 'धार्मिक' असं उत्तर दिलं. मग त्यांनी धर्माच्या रजेच्या यादीत मासा नाही असा शेरा मारला. शेवटी मामलेदारसाहेबांनी मला आत बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि सही करताना म्हणाले की वसुलीचे दिवस नसते तर तेही आले असते. हे कचेरीभर झालं. त्यानंतर महिनाभर मला सगळे 'मासेवाले' म्हणत होते.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बडोद्याला न गेलेल्या प्रत्येक माणसाला बडोद्याची माहिती होती. एकानं सांगितलं की तिथलं पाणी गोड, भूक फार लागते, भाकरी जास्त बांधा. दुसऱ्यानं सांगितलं की पाणी जड, काही खाऊच नका. आमचे शेजारी भिमाजी आप्पा सल्ला देऊन थांबले नाहीत, ते निघालेच. आप्पा नदीकाठचे बागाईतदार, आबांचे लहानपणापासूनचे सोबती. बडोद्याच्या गायकवाड सरकारांचं मूळ गाव दावडी, ते आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात, आणि आप्पांची चुलत आत्या दावडीला दिलेली. तेव्हा बडोद्याची बाग ही जवळजवळ घरचीच, असा त्यांचा हिशेब होता. सरकारच्या दारात जायचं म्हणून त्यांनी ठेवणीतला जरीकाठी फेटा बांधला. आप्पांना उघड्या डोक्यानं त्यांच्या घरच्यांनीसुद्धा पाहिलेलं नव्हतं असं म्हणत.

बडोदं वायव्येला. त्यामुळं आबा, मामी, मास्तर, आप्पा आणि मी असे आम्ही पाच जण आधी आग्नेयेला दौंडला गेलो. याचं कारण दबोरा मामींची बहीण मार्था दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहते, आणि तिला न भेटता आगगाडीत बसलं तर ती जन्मभर बोलत नाही. मार्थामावशीचे यजमान इंजिनवर होते. मेलगाडी घाईच्या लोकांची, सभ्य माणसानं पॅसेंजरनं जावं, असं त्यांचं मत पडलं. निघताना फलाटावर त्यांनी प्रवासासाठी प्रार्थना सुरू केली. आमच्यात प्रार्थना एकानं केली की दुसऱ्यालाही करावीशी वाटते, तिसऱ्याला नाही म्हणवत नाही. आम्ही डोळे मिटून उभे असताना पहिली पॅसेंजर येऊन गेली. आप्पांनी ती उघड्या डोळ्यांनी पाहिली, पण देवाचं चाललंय तर मधे कसं बोलावं म्हणून ते गप्प राहिले. दुसऱ्या गाडीला आम्ही प्रार्थना मनातल्या मनात केली.

मुंबईला गाडी बदलून, अंग आंबवून, आम्ही सकाळी बडोद्याला उतरलो आणि चालतच बागेच्या फाटकाशी आलो. फाटकात कुणी अडवलं नाही. आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलं? आपल्याला तिकीट मागितलं न्हाई." तिकीट कुणालाच मागत नव्हते.

आता बाग. मी प्रवासात चिडलेलो होतो, पाय सुजले होते, मार्थामावशीनं दिलेला चिवड्याचा डबा मीच वाहत होतो. तरी सांगतो, आत शिरलो आणि माझी चीडच विसरलो. नजर पोचेल तिथवर हिरवळ. वड असे की एकेकाखाली आमचा आख्खा बाजार बसेल. विश्वामित्री नदी बागेतूनच वाहते आणि तिच्यावर पूल. फुलांचे वाफे असे आखलेले, की आमच्या मोजणीदारानं शरमेनं साखळी टाकून द्यावी. मधोमध बँड वाजवायचा चौथरा. आणि हे सगळं एका राजानं कुणासाठी केलं, तर तुमच्या आमच्यासाठी. हमाल पाय पसरून झोपले होते, बायका वेण्या घालत होत्या, कुणीही कुणाला उठ म्हणत नव्हतं. मी नोकरीत एवढी वर्षं 'सार्वजनिक' हा शब्द लिहितोय, त्याचा अर्थ मला तिथं कळला.

आप्पांना पहिल्यांदा त्रास झाला. एवढं रान, एवढं पाणी आणि कांद्याची एक सरी नाही, हे त्यांना बघवेना. पहिल्या वाफ्यापासून ते हिशेब करत होते. गुलाबांच्या ताटव्यापाशी मात्र हिशेब थांबला. बराच वेळ उभे राहून ते म्हणाले, "न्हाई. कांदा नको. हाय आसंच ऱ्हाऊ द्या." बागाईतदाराच्या तोंडून यापेक्षा मोठी कबुली मी ऐकलेली नाही.

बागेत मुलांची एक छोटी आगगाडी फिरते. मामींनी तिच्यात बसायचा हट्ट धरला आणि एकटीनं बसायला लाज वाटते म्हणून मला शेजारी बसवलं. माझे गुडघे कानाला लागले. वळणावर एका शाळेच्या सहलीनं मला टाळ्या वाजवून निरोप दिला. मी सरकारी नोकर आहे हे तिथं कुणाला माहीत नव्हतं, एवढंच समाधान.

एवढं होईपर्यंत आबा हसत होते, चालत होते, फुलांची नावं विचारत होते. म्युझियमची लाल इमारत दिसली आणि ते वडाखालच्या बाकावर बसले. "तुम्ही बघून या," म्हणाले. मला वाटलं दमले असतील. येशुदास मास्तर म्हणाले, थांबू थोडा वेळ. आबा म्हणाले, थांबू नका. मग मी रागावलो. मासा, रजा, दौंड, पॅसेंजर, सगळं काढलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी आत गेलो आन् घसा खराच ल्हान निघाला, तर पोरांना काय सांगू? हितं बसलो तर निदान मी बघितला न्हाई, एवढं तरी सांगता यील."

मास्तर खाली मान घालून उभे राहिले. आप्पा आबांजवळ बसले. मी, मास्तर आणि मामी आत गेलो, कारण चिवड्याचा डबा सांभाळत तिघांनी उन्हात उभं राहण्यात काही अर्थ नव्हता.

आत शिरल्यावर मास्तर आम्हाला माशाकडं नेत होते, पण वाटेत एक काचेची पेटी लागली. पेटीत पट्ट्यांनी गुंडाळलेली एक लहानखुरी बाई निजलेली. पाटीवर इंग्रजी होतं. मामींनी काय लिहिलंय विचारलं. मी वाचून सांगितलं की ही मिसर देशातली, म्हणजे इजिप्तची, आहे, हजारो वर्षांपूर्वीची. माझी चूक असलीच तर एवढीच. मामी तिथंच थांबल्या. मिसर देशातली, बाई, आणि एवढी जपून ठेवलेली, म्हणजे दुसरी कोण असणार? फारो राजाची लेक. नदीत वाहत आलेल्या मोशेला टोपलीतून उचलून वाढवणारी. मामींनी डोक्यावरून पदर सारखा केला, वाकून "सलाम, बाई" म्हणाल्या आणि तिच्याशी बोलायलाच लागल्या. परक्याचं लेकरू, तुझ्याच बापानं मारायला सांगितलेलं, तरी तू घरात घेतलंस, तुझे उपकार आहेत, असं सगळं.

शेजारी उभ्या असलेल्या बडोद्याच्या बायकांनी कोण म्हणून विचारलं. मामींना गुजराती येत नव्हतं आणि त्यांना आमचं मराठी निम्मं कळत होतं, पण नदीतलं बाळ वाचवणारी राजकन्या म्हटल्यावर त्यांना आणखी काही समजावून घ्यायची गरज वाटली नाही. थोड्या वेळात पेटीसमोर रांग लागली. कुणी हात जोडले, कुणी वेणीतला गजरा काढून काचेवर ठेवला. म्युझियमचा पहारेकरी धावत आला. तो तिथलाच मराठी माणूस, मिशीवाला. त्यानं रांगेत सगळ्यात शिकलेला दिसणारा माणूस कोण ते पाहिलं आणि मला धरलं. ही कोण होती हे खुद्द म्युझियमलाही सांगता येत नाही, तर तुम्ही कोण सांगणारे, असं त्यानं मला विचारलं. मी गजरे गोळा करत असताना मामी तुरुतुरु बाहेर गेल्या होत्या.

त्या आबांना घेऊनच आल्या, मागोमाग आप्पा. मला नंतर कळलं की त्यांनी आबांना माशाचं नावही घेतलं नव्हतं. मोशेला वाचवणारी बाई आत निजलीय आणि तुम्ही तिला न भेटता घरी जाणार का, एवढंच विचारलं होतं. आबांनी पेटीला सलाम केला आणि वळले, तर समोर मासा.

मास्तरांनी सांगितलं होतं मोठा आहे. मी मोठा म्हणजे मोठा, असं धरून चाललो होतो. पण तो संपेना. जबडा बघितला आणि शेपूट बघायला चालायला लागलो तर मधे फासळ्याच फासळ्या, एकेक बैलगाडीच्या साटीहून लांब. मणके जात्याएवढे, एकामागे एक, दालनाच्या त्या टोकापर्यंत. जबड्यात आमचं चर्चचं पंचमंडळ पाळकसाहेबांसकट खुर्च्या टाकून बसलं असतं. हे असलं काहीतरी पाण्यात जिवंत फिरतं आणि आपण शिरूरला बसून बांधावरून भांडतो, हे मनात आलं आणि मी टोपी काढली.

आबा हलेनात. मला वाटलं झालं, आता हे कायमचे गप्प. मास्तर घाबरून म्हणाले, "आबा, घसा मांसाचा असतो. हाडांत दिसत नाही. मी म्हटलं ते पुस्तकातलं होतं."

आबांनी ते ऐकलंच नाही. "मास्तर," ते म्हणाले, "मी पोरांना बैलगाडीएवढा सांगत होतो. तीस वरसं. एका बैलगाडीएवढा." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मी मासाच ल्हान सांगितला की वो."

मग आबांना तो मोजून हवा झाला. शिरूरच्या पोरांना नुसतं मोठा म्हणून भागायचं नाही, नेमका दाखवायला पाहिजे. पाटीवर फूट दिले होते, मी ते वाचूनही दाखवले, पण फुटांनी आबांचं समाधान होईना. दोरी नव्हती. मामींचं लुगडं सोडवता येत नव्हतं. आप्पा मागे उभे होते. ते आबांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि फेटा उतरवला. सरकारच्या घरात, चारचौघांत, आप्पांचं टक्कल उघडं पडलं. मी दुसरीकडं पाहिलं.

फेट्याचं एक टोक जबड्यापाशी आबांनी धरलं, दुसरं घेऊन आप्पा निघाले. संपला तिथं मला उभं केलं, पुन्हा माझ्यापासून लावला. दुसऱ्यांदाही संपला. मासा शिल्लकच. पहारेकरी परत आला आणि माझ्याकडंच आला. आप्पांनी त्याला दावडीची चुलत आत्या सांगितली. तो म्हणाला, इथं रोज दहा जण सरकारांचे भाऊबंद येतात, पण फेटा काढून मासा मोजणारा पहिलाच. हाडांना हात लावू नका, म्हणाला, आणि तिसऱ्या खेपेला त्यानं स्वतःच टोक धरलं. अडीच फेटे भरला. आप्पांनी अर्ध्यावर गाठ मारली आणि परतीच्या प्रवासात फेटा डोक्याला बांधला नाही, घडी करून मांडीवर घेतला, न जाणो गाठ सुटायची. शिरूरच्या स्टँडवर ते उपरणं गुंडाळून उतरले.

गाडीत आबा रात्रभर मास्तरांशी बोलत होते. मासा श्वास कसा घेतो, पिलाला दूध कसं पाजतो, खातो काय. मास्तर सांगून दमले. पहाटे आबांनी त्यांना फर्मावलं, "घसा तुम्ही सांगायचा. मासा मी सांगतो." मास्तर नाही म्हणायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

पुढच्या रविवारी मिशनच्या आवारात आबांनी चुन्यानं मासा आखला. जबडा चर्चच्या पायरीशी. पहिला फेटा चिंचेपाशी संपला, दुसरा विहिरीशी, आणि उरलेला अर्धा फाटकातून बाहेर नगर रस्त्यावर गेला. पोरांना पोटात बसवलं. गावची निम्मी मंडळी फासळ्यांच्या बाजूनं उभी होती, आप्पा उपरण्यात. फेटा ताणलेला राहावा म्हणून मला शेपटीचं टोक धरून रस्त्यावर उभं केलं होतं. येणारा जाणारा मला विचारी की हे काय चाललंय. मी कचेरीत बसून लोकांना उत्तरं न देण्याची सवय लावून घेतली आहे, ती कामी आली.

मास्तरांनी आधी घसा सांगितला. आखून दाखवला, खरा, मोसंब्याएवढा. मग पूर्वी मोसंब्याचं विचारलेली ती मुलगी उठली. मला ऐकू येत नव्हतं, पण ती काय विचारतेय ते आवारात सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी हसलं नाही. आबा जबड्यापाशी उभे होते. नंतर मामींनी मला सांगितलं ते असं. आबा तिला म्हणाले, "मला ठाव न्हाई, बाळ. एवढा मोठा बघून आलो, तरी ते मला ठाव न्हाई. तू शीक, मोठी हो, शोधून काढ आन् मला सांगायला ये. तवर मला ठाव हाय तेवढं सांगतो."

आणि मग त्यांनी कोट काढला. रस्त्यावरून मला फक्त तो काळा कोट वर जाताना दिसला. पोटात बसलेल्या पोरांनी एकदम अशी आरोळी ठोकली की ती शेपटीपर्यंत ऐकू आली. मी फेट्याचं टोक रस्त्यावर टाकलं आणि गोष्ट ऐकायला फाटकातून आत पळालो.